बिब्बा, काजू आणि गाजर गवत : वनस्पतिजन्य ॲलर्जीतील परस्परप्रतिक्रियेचा इतिहास आणि कोकण

प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातील कुणकेश्वर हे अरबी समुद्राच्या काठी वसलेले शैवक्षेत्र 'कोकणची काशी' म्हणून ओळखले जाते. माघ वद्य चतुर्दशीस, म्हणजे महाशिवरात्रीस, येथे मोठी यात्रा भरते. यात्रेच्या सुमारास परिसरातील हापूसच्या बागा मोहोर व कैरी यांच्या दरम्यानच्या अवस्थेत असतात आणि काजूच्या झाडांवर बोंडू व बी धरू लागलेली असते. ओल्या काजूगरांची उसळ हा या दिवसांतला मानाचा पदार्थ होय. मात्र ती उसळ ताटात येण्यापूर्वी कोणीतरी ओली बी कापून गर काढलेला असतो आणि त्या हातांना तेल किंवा राख चोळलेली असते. टरफलातील चीक लागला की कातडी भाजल्यासारखी होते व सोलून निघते, हे येथील घराघरांत ठाऊक आहे.

काजूशी संबंधित दुसरा त्रास याहून निराळा आहे. स्वच्छ सोललेला, भाजलेला, चिकाचा अंशही नसलेला काजूगर खाल्ल्यावर काही थोड्या व्यक्तींच्या ओठांना सूज येते, अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो आणि क्वचित जीव धोक्यात येतो. या दोन्ही त्रासांना व्यवहारात 'काजूची ॲलर्जी' असे एकच नाव दिले जाते. त्यात अलीकडे तिसऱ्या प्रकाराची भर पडली आहे. एखाद्या तणाच्या परागकणांनी शिंका व डोळ्यांची खाज सुरू झालेल्या व्यक्तीला कालांतराने एखादे कवचफळ खाल्ल्यावरही तोंडात खाज येऊ लागते. एका पदार्थाविरुद्ध सज्ज झालेली शरीराची प्रतिकारयंत्रणा दुसऱ्या, वरकरणी संबंध नसलेल्या पदार्थाला तोच समजते. या घटनेस परस्परप्रतिक्रिया किंवा क्रॉस-रिॲक्शन म्हणतात.

प्रस्तुत लेखात या संकल्पनेच्या ऐतिहासिक विकासाचा कोकण व महाराष्ट्र यांच्या संदर्भात आढावा घेतला आहे. वनस्पतींमधील हे 'नाते' इतिहासात तीन वेगवेगळ्या पायांवर उभे राहिले : चिकातील तेलकट द्रव्य, पानांतील रसायन आणि पराग व बी यांतील प्रथिन. या तिन्हींची सरमिसळ झाली की कामगाराच्या हाताचे दुखणे आणि खाणाऱ्याच्या जिवाचा धोका या दोहोंकडेही दुर्लक्ष होते, हे दाखविणे हा लेखाचा उद्देश आहे.

एका कुलाचा वारसा : बिब्बा, आंबा आणि काजू

बिब्बा, आंबा, काजू आणि पिस्ता ही चारही झाडे वनस्पतिशास्त्रदृष्ट्या एकाच, म्हणजे आम्र कुलातील (ॲनाकार्डिएसी) आहेत. यांपैकी बिब्ब्याची ओळख भारतीयांना सर्वांत जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायन म्हणून भल्लातकाचे अनेक प्रयोग दिले आहेत. त्याच वेळी त्याचे तीक्ष्णत्व अग्नीसारखे असल्याचेही बजावले आहे. मराठी भाषेने हा अनुभव आपल्या पद्धतीने नोंदविला. बिब्ब्याच्या तेलाने अंगावर पुरळ, सूज व फोड आले की 'बिब्बा उतला' असे म्हणतात. जुळत आलेल्या कामात विघ्न आणणे म्हणजे 'बिब्बा घालणे'. सर्वांनाच बिब्बा सारखा उतत नाही, हे निरीक्षणही या व्यवहारज्ञानात अंतर्भूत आहे. त्याच फळाच्या आतील बी मात्र 'गोडंबी' म्हणून लाडवात घातली जाते. कवच जाळणारे आणि गर गोड, ही जोडी पुढे काजूतही आढळते.

काजू हा या कुलातील पाहुणा सदस्य. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणला. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथात बिब्ब्यावर एक स्वतंत्र संवाद आहे, पण काजूचा उल्लेख नाही. १५७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रिस्तोव्हाँ द कोस्ता याच्या ग्रंथात मात्र कोचीन येथील काजूचे वर्णन येते. नामकरणाचा इतिहासही बोलका आहे. 'ॲनाकार्डियम' म्हणजे हृदयाच्या आकाराचे. हे नाव युरोपीय औषधविक्रेत्यांकडे मुळात बिब्ब्याचे होते. १७५३ मध्ये लिनीअसने ते काजूला प्रजातिनाम म्हणून दिले. पुढे त्याच्या मुलाने बिब्ब्याला 'सेमेकार्पस ॲनाकार्डियम' असे नाव दिले. 'सेमेकार्पस' म्हणजे खूण करणारे फळ. अशा रीतीने दोन्ही झाडांचे नाते ॲलर्जीची संकल्पना जन्मण्याआधीच त्यांच्या नावांत नोंदले गेले.

कोकणात काजू दीर्घकाळ डोंगरउतारावर आपोआप वाढणारे झाड होते. १९५७ मध्ये वेंगुर्ले येथे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र सुरू झाले, १९७२ मध्ये दापोलीस कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि वेंगुर्ला या नावाने काजूच्या सुधारित जाती एकामागून एक प्रसारित झाल्या. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीने या प्रसारास गती दिली. काजू हे नगदी पीक झाले, तसे त्याच्या चिकाशी रोजचा संबंध येणाऱ्या हातांची संख्याही वाढली. बी वाफवून, हातपायाने चालणाऱ्या यंत्रावर कापून, गर सोलून काढण्याच्या कामात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. टरफलाच्या जाळीदार थरात असलेल्या तेलात ॲनाकार्डिक आम्ल, कार्डॉल व कार्डेनॉल ही द्रव्ये असतात. आंब्याच्या देठाशी साठलेल्या चिकातही त्यांच्या जवळची रासायनिक द्रव्ये आढळतात. देठासह आंबा काढण्यासाठी झेल्यात केलेल्या सुधारणा, उदाहरणार्थ दापोलीचा 'नूतन झेला', प्रामुख्याने फळावर चिकाचे डाग पडू नयेत म्हणून झाल्या. त्यांचा लाभ काढणाऱ्याच्या कातडीलाही झाला.

धोबी-खूण : परस्परप्रतिक्रियेचा लष्करी अध्याय

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये रूढ केला. मराठीत त्यासाठी 'अधिहर्षता' ही परिभाषा सुचविली गेली, तरी व्यवहारात मूळ शब्दच टिकला. आम्र कुलातील नात्याचा वैद्यकीय पुरावा मात्र अनपेक्षित मार्गाने पुढे आला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आलेल्या सैनिकांचे कपडे स्थानिक धोबी धूत असत. कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून धोबी बिब्ब्याच्या रसाने कॉलरच्या आत किंवा कमरपट्टीवर खूण करीत. हा डाग धुतल्याने जात नाही. त्यामुळे खुणेसाठी तो उत्तम. काही सैनिकांच्या मानेवर वा कमरेवर नेमक्या त्या खुणेच्या जागी खाजरे, पाणीदार फोड उठू लागले. १९४३ मध्ये लिव्हिंगगुड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी 'धोबी-खूण त्वचादाह' या नावाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ब्रिटनमधूनही या विकारावर लेखन झाले.

अमेरिकेच्या रानावनांत 'पॉयझन आयव्ही' ही आम्र कुलातील वेल सर्वत्र आढळते आणि तिच्या स्पर्शाने अनेकांची कातडी आधीच संवेदनशील झालेली असते. अशी व्यक्ती भारतात येऊन आयुष्यात प्रथमच बिब्ब्याच्या संपर्कात आली तरी तिचे शरीर त्या द्रव्याला ओळखीचे समजते. बिब्बा व पॉयझन आयव्ही यांतील द्रव्ये कॅटेकॉल गटातील असून त्यांची लांब कार्बन-साखळी एकमेकींशी जुळते. काजूच्या टरफलातील व आंब्याच्या चिकातील द्रव्येही त्यांच्या निकटची आहेत. म्हणून एकाने शिकविलेला धडा शरीर दुसऱ्याला लावते.

इतिहासाच्या दृष्टीने येथे एक बाब नोंदविण्याजोगी आहे. बिब्बा उततो हे मराठी भाषकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. तो एकाला उततो व दुसऱ्याला उतत नाही, हेही माहीत होते. परंतु आधुनिक वैद्यकाच्या नियतकालिकात 'धोबी-खूण' हे नाव आले ते परदेशी सैनिकाच्या मानेवर पुरळ उठल्यावर. ज्या धोब्याच्या बोटांना तो रस रोज लागत होता, त्याची बोटे त्या नावामागे राहिली.

या नात्याचा आणखी एक पुरावा १९८२ मध्ये मिळाला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात मुलांच्या बेसबॉल संघटनेने निधीसाठी विकलेल्या काजूंमुळे ५४ जणांना पॉयझन आयव्हीसारखे पुरळ उठले. मोझांबिकहून आयात केलेल्या त्या काजूच्या तुकड्यांत टरफलाचे अवशेष राहून गेले होते. दोष गराचा नव्हता. गरासोबत गेलेल्या कवचाचा होता.

एक नाव, दोन यंत्रणा

चिकाने होणारा दाह आणि गर खाल्ल्याने होणारी प्रतिक्रिया या दोहोंत मूलभूत फरक आहे, हे टप्प्याटप्प्याने स्पष्ट झाले. १९२१ मध्ये प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर यांनी मासे न सोसणाऱ्या क्युस्टनर यांच्याच रक्तद्रवातून ही संवेदनशीलता दुसऱ्याच्या कातडीत नेता येते, हे दाखविले. म्हणजे तेथे रक्तद्रवातील घटक कारणीभूत होता. १९४२ मध्ये लँडस्टायनर व चेस यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत याच्या उलट निष्कर्ष काढला : कातडीच्या संपर्काने होणारी संवेदनशीलता रक्तद्रवातून नव्हे, तर जिवंत पेशींतून संक्रमित होते. १९६३ मध्ये जेल आणि कूम्ब्स यांनी अशा प्रतिक्रियांचे चार प्रकार पाडले. त्यांतील पहिला प्रकार तत्काळ, प्रतिपिंडांमुळे होणारा. चौथा विलंबित, पेशींमुळे होणारा. पहिल्या प्रकारास जबाबदार असलेल्या आयजीई या प्रतिपिंडाची ओळख १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पटली.

या वर्गीकरणानुसार बिब्ब्याचे उतणे, काजूच्या टरफलाचा त्वचादाह व आंब्याच्या चिकाचे पुरळ चौथ्या प्रकारात मोडतात; ते तासांनी किंवा दिवसांनी दिसतात. काजूगर खाल्ल्यावर काही मिनिटांत येणारी सूज व श्वासाचा त्रास पहिल्या प्रकारात मोडतो. एकाच काजूच्या बीमध्ये अशा रीतीने दोन वेगळ्या यंत्रणांना चेतविणारी द्रव्ये आहेत : कवचात तेल, गरात प्रथिन. हात सोलला म्हणून गर वर्ज्य ठरत नाही आणि हात सोलत नाहीत म्हणून गर निर्धोक ठरत नाही.

पुण्यातील तण

कोकणातून घाट चढून वर गेले असता या इतिहासाचा पुढील टप्पा पुण्यात भेटतो. येथे आम्र कुलाऐवजी सूर्यफूल कुलातील (ॲस्टरेसी) एक तण केंद्रस्थानी येते. १९५५ मध्ये पुण्यातील उकिरड्यांवर मूळ अमेरिका खंडातील 'पार्थेनियम हिस्टेरोफोरस' ही वनस्पती आढळली आणि १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिची नोंद प्रसिद्ध झाली. गाजराच्या पाल्यासारख्या पानांमुळे तिला 'गाजर गवत' आणि लोकांच्या बोलीत 'काँग्रेस गवत' अशी नावे पडली. अमेरिकेच्या पी. एल. ४८० कायद्याखालील गव्हाबरोबर हे तण आले, असे सर्वत्र सांगितले जाते. तथापि त्या कायद्याखालील भारताशी झालेला करार ऑगस्ट १९५६ मधील आहे आणि पुण्यातील नोंद त्याआधीची आहे. आयात धान्याबरोबर बी आले असण्याची शक्यता यामुळे नाहीशी होत नाही, परंतु विशिष्ट करारावर ठेवलेला ठपका कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही.

पुढील दोन दशकांत पुणे व परिसरात चेहरा, पापण्या, मान आणि कोपरांच्या खोबणीत चिघळणाऱ्या त्वचादाहाचे रुग्ण मोठ्या संख्येने दिसू लागले. लोणकर, मिचेल व कॅल्नन यांच्या १९७४ मधील लेखाने या विकाराचा संबंध गाजर गवताशी असल्याचे जागतिक त्वचारोगशास्त्रासमोर मांडले. पानांवरील व खोडावरील सूक्ष्म केसांत असणारे 'पार्थेनिन' हे सेस्क्विटर्पीन लॅक्टोन गटातील रसायन हे त्याचे मुख्य कारण होय. वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्यावर उडून उघड्या कातडीवर बसतो. अशा रुग्णांना शेवंती किंवा सूर्यफूल यांसारख्या त्याच कुलातील वनस्पतींचाही त्रास होऊ शकतो. हीही परस्परप्रतिक्रियाच, पण तिचा दुवा बिब्ब्याच्या तेलापेक्षा वेगळा आहे.

याच तणाचे परागकण मात्र पहिल्या प्रकारची ॲलर्जी निर्माण करतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील श्रीरामराव आणि सुब्बाराव यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी गाजर गवताचे पराग हे ॲलर्जिक सर्दीचे महत्त्वाचे कारण असल्याचे दाखविले. १९९३ मध्ये त्यांनी या परागांतील व अमेरिकेतील 'रॅगवीड' या तणाच्या परागांतील ॲलर्जीकारकांमध्ये परस्परप्रतिक्रिया असल्याचे सिद्ध केले. दोन्ही तणे सूर्यफूल कुलातील निकटची आप्त असल्याने हे अपेक्षित होते. धोबी-खुणेच्या घटनेत अमेरिकेत घडलेली संवेदनशीलता भारतात प्रकट झाली. येथे भारतात वाढलेल्या तणाची नाळ अमेरिकेतील तणाशी जुळली.

तणाच्या परागापासून कवचफळापर्यंत

कुलाची सीमा ओलांडणारी नाती अधिक बुचकळ्यात टाकणारी होती. १९७० मध्ये अमेरिकी संशोधकांनी रॅगवीडच्या परागांची ॲलर्जी असणाऱ्यांना खरबूजवर्गीय फळे व केळे खाल्ल्यावर त्रास होतो, हे नोंदविले. उत्तर युरोपात बर्च वृक्षाच्या परागांचा त्रास असणाऱ्यांना हेझलनट खाल्ल्यावर तोंडात खाज येत असल्याचे आढळले. तण व कवचफळ यांची थेट जोडी १९९७ मध्ये स्पेनमधील संशोधनातून पुढे आली. त्यात आर्टेमिसिया वल्गॅरिस या तणाचे पराग आणि हेझलनट यांच्यातील परस्परप्रतिक्रिया दाखविण्यात आली. आपल्याकडे देवाला वाहिला जाणारा दवणा याच आर्टेमिसिया प्रजातीतील आहे. १९९९ मध्ये इटलीतील संशोधकांनी भूमध्यसागरी प्रदेशात भिंतींच्या फटींत उगवणाऱ्या पॅरिएटेरिया या तणाची परागॲलर्जी असणाऱ्यांमध्ये पिस्त्याविषयीची संवेदनशीलता वारंवार आढळते, असे मांडले. पिस्ता हा काजूच्याच कुलातील आप्त असून या दोहोंमधील परस्परप्रतिक्रिया सुप्रस्थापित आहे.

तण आणि वृक्ष यांचे कुल भिन्न असताना हे कसे घडते, याचे उत्तर प्रथिनांच्या अभ्यासाने दिले. १९९१ मध्ये बर्चच्या परागांतील 'प्रोफिलिन' हे प्रथिन ॲलर्जीकारक असल्याचे व्हॅलेंटा व सहकाऱ्यांनी दाखविले. प्रोफिलिन पेशींच्या मूलभूत कार्यासाठी लागते आणि उत्क्रांतीत फारसे बदललेले नाही. म्हणून ते दूरच्या वनस्पतींतही जवळजवळ सारखे असते. लिपिड-वाहक प्रथिनांचा गटही अशाच प्रकारे अनेक पराग, फळे व बियांत आढळतो.

यातून धोक्याची प्रतवारीही स्पष्ट झाली. प्रोफिलिन उष्णतेने व पचनाने लवकर मोडते. त्यामुळे त्यावर आधारलेला त्रास बहुधा तोंडाच्या खाजेपुरता राहतो. लिपिड-वाहक प्रथिने अधिक टिकाऊ असल्याने त्यांचा त्रास कधी गंभीर होतो. काजूगरातील प्रमुख ॲलर्जीकारक मात्र बीजातील साठ्याची प्रथिने आहेत. २००२ ते २००५ या काळात अमेरिकेतील संशोधकांनी त्यांतील तिघांचे वर्णन केले आणि त्यांना 'ॲना ओ १', 'ॲना ओ २' व 'ॲना ओ ३' अशी नावे मिळाली. विशेषतः तिसरे प्रथिन भाजल्याने वा पचनाने सहज नष्ट होत नाही. त्याची संवेदनशीलता परागांमुळे नव्हे, तर काजू किंवा पिस्ता यांच्याच संपर्काने निर्माण होते आणि अत्यल्प मात्राही घातक ठरू शकते.

कोकणच्या संदर्भातील अर्थ

या संपूर्ण प्रवासातून कोकणासाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, पाश्चात्य ग्रंथांतील पराग व अन्न यांच्या जोड्यांचे तक्ते जसेच्या तसे येथे लागू करता येत नाहीत. कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर बर्च नाही, हेझलनट पिकत नाही. तेथे आंबा व काजू आहेत आणि महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत पसरलेले गाजर गवत आहे. येथील परस्परप्रतिक्रियेचा नकाशा येथील वनस्पतींवरूनच काढावा लागतो. पार्थेनियमच्या बाबतीत पुणे व बंगळूर येथे झालेले काम अशा स्थानिक अभ्यासाचा आदर्श आहे.

दुसरी, तपासणीचा निष्कर्ष व प्रत्यक्ष आजार यांत अंतर असते. परागांमुळे प्रोफिलिनविरोधी प्रतिपिंड तयार झालेल्या व्यक्तीची कातडीवरील चाचणी अनेक कवचफळांस अनुकूल येऊ शकते; पण ती व्यक्ती ती फळे बिनधोक खात असेल तर केवळ चाचणीवरून तिला ती वर्ज्य करणे योग्य नव्हे. उलट, काजूगर खाल्ल्यावर लगेच गांधी उठलेल्या मुलास 'उष्ण पडले' म्हणून सोडून देणे जिवावर बेतू शकते. भारतात २०२० च्या अन्न लेबलविषयक नियमांनी कवचफळांचा समावेश असल्याचे वेष्टनावर जाहीर करणे बंधनकारक केले. तथापि काजूकतली, मोदक किंवा यात्रेतील खुल्या मिठाईला वेष्टन नसते. तेथे विक्रेता व ग्राहक यांची माहिती हेच लेबल असते.

तिसरी गोष्ट श्रमाशी निगडित आहे. काजूगराचा धोका खाणाऱ्यापुरता असतो, म्हणून त्यासाठी नियम झाले. टरफलाच्या तेलाचा त्रास सोलणाऱ्यांना होतो. त्यांच्यासाठी खोबरेल, राख आणि सवय एवढीच तरतूद परंपरेने केली. हातमोजे, साबण-पाण्याची सोय आणि दाह झाल्यास कामापासून काही दिवस सवेतन विश्रांती या साध्या उपायांना शास्त्रीय आधार १९४३ पासून उपलब्ध आहे.

समारोप

बिब्ब्यापासून गाजर गवतापर्यंत आणि गाजर गवतापासून काजूगरापर्यंतचा हा इतिहास ज्ञानाच्या विस्ताराचा आहे, तसाच नावांच्या नेमकेपणाचाही आहे. चिकाचे नाते द्रव्याच्या साखळीवर, गाजर गवत व शेवंतीचे नाते लॅक्टोनवर, तर तणाचे पराग व कवचफळ यांचे नाते प्रथिनाच्या घडणीवर आधारलेले आहे. लोकव्यवहाराने 'उतणे' हा शब्द घडवून पहिले नाते अचूक टिपले होते. उरलेल्या दोहोंना असे घरोघरी समजणारे शब्द अद्याप मिळालेले नाहीत. 'ॲलर्जी' या एकाच शब्दावर सर्वांचा भार पडला आहे. प्राध्यापक, वैद्यकीय व्यावसायिक व कृषी विस्तार कार्यकर्ते यांनी हा भेद मराठीतून स्पष्ट केला, तर त्याचा उपयोग काजू सोलणाऱ्या हातांना होईल आणि काजू खाणाऱ्या मुलांनाही होईल. महाशिवरात्रीच्या सुमारास कुणकेश्वरच्या परिसरात ओल्या काजूची बी कापणारी स्त्री व तिच्या घरी उसळ खाणारे मूल यांचे प्रश्न वेगळे आहेत. ते वेगळे आहेत हे ओळखणे ही दोघांच्याही उपचाराची पहिली पायरी होय.